दराची लढाई आणि शेअरचा भाव

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपल्या पेढ्यांवर आजही नव्या चोपड्यांची पूजा होते. गादीवर स्वच्छ पांढरी चादर अंथरली जाते, चोपडीच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक निघते, खाली 'शुभ' आणि 'लाभ' हे दोन शब्द लिहिले जातात आणि धने-गुळाचा प्रसाद हातोहात फिरतो. अलीकडे या विधीच्या जोडीला आणखी एक विधी आला आहे. घरातील तरुण मंडळी मुहूर्ताच्या तासाभराच्या सौद्यासाठी हातातील फोनवर शेअरबाजार उघडून बसतात आणि घरच्या नावाने दहा-वीस शेअर घेतात. त्यास आमची हरकत नाही. मुहूर्त शेवटी मुहूर्तच होय, मग तो चोपडीचा असो वा शेअरचा.

तथापि गेल्या काही दिवाळ्यांत एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. ज्या पेढीचा पिढीजात धंदा किराण्याचा, त्याच पेढीवरील मुलगा मोठमोठ्या किराणा-भांडारांच्या कंपन्यांचे शेअर आवर्जून घेत असतो. समोरच्या रस्त्यावर जे भांडार उघडले म्हणून वडील चिंतेत असतात, त्याच भांडाराचा मुलगा भागधारक असतो. विचारले असता तो म्हणतो, "काका, गिऱ्हाईक तिकडे गेले तरी नफा शेअरच्या वाटेने आपल्याच घरी येईल. हा आपल्या दुकानाचा विमा समजा."

हा युक्तिवाद ऐकावयास मोठा गोड वाटतो. तो खरा आहे की नाही, हे तपासून पाहणे आपल्या संघाच्या सभासदांस अगत्याचे आहे, कारण त्यात अनेक कुटुंबांची शिल्लक गुंतलेली आहे. या परीक्षेसाठी आम्ही मुख्यतः विलायतेचे उदाहरण घेतले आहे. मोठ्या भांडारांची आपसांतील स्पर्धा आणि त्या स्पर्धेने शेअरच्या भावाची होणारी गत, या दोन्हींचा इतका लांब आणि इतका उघड हिशेब दुसरीकडे क्वचितच पाहावयास मिळतो.

प्रथम दुकानचेच गणित

विलायतेकडे वळण्यापूर्वी आपल्या गल्ल्यावरचेच एक साधे गणित मांडू. समजा, शंभर रुपयांच्या विक्रीत माल, भाडे, पगार, वीज सर्व वजा जाता पाच रुपये उरतात. शेजारच्याने दर उतरविला म्हणून आपणही शंभराचा माल अठ्ठ्याण्णवास दिला. गिऱ्हाईक एकही गेले नाही, माल तितकाच खपला. परंतु पाचाच्या जागी तीनच उरले. दर शेकडा दोनच उतरला, पण नफा शेकडा चाळीस बुडाला. पूर्वीइतका नफा मिळवावयाचा तर आता दीडपटीहून अधिक माल विकावयास हवा, आणि शेजारी स्वस्थ बसलेला नसताना तो कोठून विकला जाणार?

शेअरचा भाव हा कंपनीच्या आजच्या विक्रीचा भाव नसतो. पुढील अनेक वर्षे जो नफा होईल असे बाजारास वाटते, त्या नफ्याचा तो भाव असतो. म्हणून दोन टक्क्यांच्या दरकपातीची नुसती बातमी आली, तरी शेअर पाच, दहा, पंधरा टक्क्यांनी कोसळू शकतो. भांडारांत गर्दी तशीच असते, टोपल्या तशाच भरत असतात; परंतु भागधारकाची मत्ता तेवढ्यात कमी झालेली असते. ज्यांचा जन्म पातळ नफ्याच्या धंद्यात गेला, त्या किराणा व्यापाऱ्यांस हे समजावून सांगण्याची वस्तुतः गरज नाही. गरज आहे ती हेच गणित शेअर घेताना आठवण्याची.

विलायतेतील तीन पेढ्या

विलायतेतील मोठ्या भांडारांची मुळे आपल्यासारख्याच लहान दुकानांत आहेत. सेन्सबरी या पेढीचे पहिले दुकान लंडनच्या ड्रूरी लेनमध्ये १८६९ साली निघाले. विल्यम मॉरिसन हे १८९९ साली ब्रॅडफर्डच्या बाजारात अंडी व लोणी विकू लागले. जॅक कोहेन यांनी १९१९ साली, पहिले महायुद्ध संपून सैन्यातून सुटल्यावर, पूर्व लंडनच्या बाजारात शिल्लक मालाची पाल मांडली. टेस्को हे नाव १९२४ साली एका चहाच्या पुड्यावर प्रथम आले. 'ढीग लावा आणि स्वस्त विका' हे कोहेन यांचे ब्रीद होते. या तिन्ही पेढ्या पुढे शेअरबाजारात आल्या : टेस्को १९४७ साली, मॉरिसन १९६७ साली आणि सेन्सबरी १९७३ साली.

त्या काळी विलायतेत कारखानदाराने ठरविलेल्या भावानेच अनेक वस्तू विकाव्या लागत. १९६४ च्या कायद्याने ते बंधन बहुतांशी उठले, आणि स्वस्त विकण्याची खरी चढाओढ तेव्हापासून लागली. लहान दुकाने एकामागून एक बंद पडत गेली आणि चार मोठ्या कंपन्यांनी किराण्याचा बहुतेक बाजार व्यापला. १९९५ साली टेस्कोने सेन्सबरीस मागे टाकून पहिला क्रमांक पटकावला. २००७ च्या सुमारास देशातील किराणा विक्रीचा ३१ टक्क्यांच्या घरातील वाटा तिच्याकडे होता, आणि त्या वर्षाच्या अखेरीस तिचा शेअर सुमारे पावणेपाचशे पेन्सांवर होता. मायदेशातील विक्रीवर तिला पाच टक्क्यांहून अधिक नफा सुटत होता. किराण्याच्या धंद्यात इतका नफा म्हणजे चैनच म्हणावयाची.

आपल्या वडीलधाऱ्यांचा एक अनुभव येथे सांगितला पाहिजे. ज्या धंद्यात नफा जाड दिसतो, त्या धंद्यात शेजारी दुकान थाटावयास फार दिवस लागत नाहीत. विलायतेतही हेच घडले.

एसेनचे दोन भाऊ

जर्मनीतील एसेन शहराच्या एका उपनगरात आल्ब्रेख्ट कुटुंबाचे किराण्याचे छोटे दुकान १९१३ सालापासून होते. दुसऱ्या महायुद्धानंतर कार्ल आणि थिओ या दोन भावांनी आईचे हे दुकान हाती घेतले आणि 'आल्डी' या नावाने पुढे प्रसिद्ध झालेली दुकानांची साखळी उभारली. त्यांची पद्धत अशी : मालाच्या जाती अगदी थोड्या ठेवावयाच्या, बहुतेक माल आपल्याच छापाखाली बनवून घ्यावयाचा, सजावटीवर पैसा घालवावयाचा नाही, खोकी फोडून ती तशीच फळीवर ठेवावयाची, आणि थोड्या माणसांत दुकान चालवावयाचे. एकेका जातीचा माल प्रचंड प्रमाणात उचलला जात असल्यामुळे कारखान्याकडून दरही मनासारखा मिळे. १९६० च्या सुमारास दोघा भावांनी धंद्याची उत्तर व दक्षिण अशी वाटणी केली. दुकानात सिगारेटी ठेवाव्यात की नाही यावरून ही वाटणी झाली, असे सांगतात.

यांपैकी दक्षिण शाखा १९९० साली विलायतेत उतरली आणि १९९४ साली लिड्ल ही दुसरी जर्मन पेढी तिच्या मागोमाग आली. बराच काळ विलायतेतील बड्या कंपन्यांनी या पाहुण्यांकडे फारसे लक्ष दिले नाही. २००८ च्या जागतिक मंदीनंतर मात्र मध्यमवर्गीय कुटुंबेही तेथे जाऊ लागली. टेस्कोच्या भांडारांत तेव्हा नव्वद हजारांच्या घरात मालाच्या जाती होत्या, तर आल्डीकडे जेमतेम दीड-दोन हजार.

या दोन्ही जर्मन पेढ्यांविषयी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या शेअरबाजारात नाहीत. दर तिमाहीस नफा का घटला, असे त्यांस कोणी विचारीत नाही. दोन-तीन टक्क्यांवर समाधान मानून त्या वर्षानुवर्षे दर खाली ठेवू शकतात. ज्यांचे शेअर बाजारात आहेत त्यांची गोष्ट निराळी. त्यांस एका बाजूने गिऱ्हाइकास स्वस्त द्यावयाचे असते आणि दुसऱ्या बाजूने भागधारकास लाभांश द्यावयाचा असतो, आणि दराची लढाई जुंपली म्हणजे ही दोन वचने एकाच वेळी पाळता येत नाहीत.

२०१२ ते २०१५ : भावाची पडझड

१२ जानेवारी २०१२ रोजी टेस्कोने नाताळच्या विक्रीचे आकडे जाहीर केले आणि पुढील वर्षी नफा वाढण्याची फारशी आशा नाही, असे सूचित केले. त्या एका दिवसात शेअर सुमारे १६ टक्क्यांनी पडला व भागधारकांचे सुमारे ५०० कोटी पौंड कागदावरून नाहीसे झाले.

१३ मार्च २०१४ रोजी मॉरिसनने १७ कोटी ६० लाख पौंडांचा तोटा जाहीर केला आणि तीन वर्षांत १०० कोटी पौंड दरकपातीवर घालण्याचे ठरविले. मॉरिसनचा शेअर सुमारे १२ टक्क्यांनी घसरला. पण आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते पुढेच आहे : त्याच दिवशी टेस्को आणि सेन्सबरी यांचेही शेअर पडले. त्यांनी त्या दिवशी काहीही जाहीर केले नव्हते. एकाने दर उतरविला की बाकीच्यांस उतरवावाच लागणार, हे बाजारास कळत होते.

त्याच वर्षी टेस्कोची अवस्था अधिक बिकट झाली. ऑगस्टात अंतरिम लाभांश तीन चतुर्थांशाने कापण्यात आला. २२ सप्टेंबर रोजी कंपनीस कबूल करावे लागले की, सहामाहीचा अपेक्षित नफा सुमारे २५ कोटी पौंडांनी फुगवून सांगितला गेला होता. पुरवठादारांकडून मिळावयाच्या सवलतीच्या रकमा वेळेआधीच जमेस धरल्या होत्या आणि खर्च पुढे ढकलला होता. शेअर त्या दिवशी आणखी सुमारे १२ टक्क्यांनी पडला. याच प्रकरणी २०१७ साली कंपनीने १२ कोटी ९० लाख पौंडांचा दंड भरण्याचे मान्य केले. आपल्या भाषेत सांगावयाचे तर, अडत्याकडून यावयाची सूट हाती येण्यापूर्वीच किर्दीत जमा करून दुकान नफ्यात दाखविण्याचा हा प्रकार होता. नफा पातळ झाला म्हणजे असा मोह होतो, आणि तो मोह दुकानाच्या आकारावर अवलंबून नसतो.

२०१४ च्या डिसेंबरात टेस्कोचा शेअर पावणेदोनशे पेन्सांच्याही खाली गेला. एप्रिल २०१५ मध्ये कंपनीने सुमारे ६४० कोटी पौंडांचा तोटा जाहीर केला. त्याचा मोठा भाग दुकानांच्या व जागांच्या उतरलेल्या किमतीचा होता. अखेरचा लाभांश दिलाच नाही, आणि भागधारकांस पुन्हा लाभांश मिळण्यास २०१७ साल उजाडले. अमेरिकेतील नामांकित गुंतवणूकदार वॉरन बफे हेही टेस्कोचे मोठे भागधारक होते. शेअर विकण्यात आपण दिरंगाई केली अशी कबुली त्यांनी भागधारकांस लिहिलेल्या वार्षिक पत्रात दिली. या व्यवहारात करोत्तर ४४ कोटी ४० लाख डॉलर बुडाले होते.

आता दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. २००७ ते २०१४ या काळात टेस्कोचा बाजारातील वाटा ३१ टक्क्यांच्या घरातून २८-२९ टक्क्यांवर आला. म्हणजे शंभर गिऱ्हाइकांतील दोन-तीनच दुसरीकडे गेली. शेअरचा भाव मात्र सुमारे दोन तृतीयांशाने उतरला. हे अंतर कशाने पडले? देशातील विक्रीवरचा नफा पाच टक्क्यांहून अधिक होता, तो एक टक्क्याच्या आसपास येऊन ठेपला होता. गिऱ्हाईक टिकविण्यासाठी दिलेली किंमत भागधारकाच्या खिशातून गेली होती.

सावरण्याची वाट आणि कर्जाचे ओझे

टेस्को पुढे सावरली, हेही सांगितले पाहिजे. सप्टेंबर २०१४ मध्ये आलेले नवे प्रमुख डेव्ह लुईस यांनी मालाच्या जाती मोठ्या प्रमाणात कमी केल्या, दर उतरविले, आणि दक्षिण कोरियातील धंदा २०१५ साली सुमारे ४०० कोटी पौंडांस विकून कर्ज हलके केले. २०१८ साली कंपनीने बुकर ही मोठी घाऊक पेढी सुमारे ३७० कोटी पौंडांस आपल्यात विलीन करून घेतली. ही बुकर विलायतेतील हजारो कोपऱ्यावरच्या दुकानांस माल पुरविते, आणि त्यांपैकी पुष्कळ दुकाने भारतीय वंशाच्या, विशेषतः गुजराती, कुटुंबांची आहेत. मोठ्या भांडाराने लहान दुकानांचा घाऊक पुरवठादारच घ्यावा, हा प्रकार आपल्या घाऊक व्यापाऱ्यांनी नीट ध्यानी धरण्यासारखा आहे. मार्च २०२० पासून तर टेस्कोने शेकडो वस्तूंचे दर आल्डीच्या दराशी जुळवून देण्यास आरंभ केला. ज्या पाहुण्याकडे एके काळी दुर्लक्ष केले, त्याच्याच पाटीकडे पाहून आपली पाटी लिहिण्याची वेळ आली.

दुसऱ्या दोन पेढ्यांची कथा निराळी झाली. ॲस्डा ही कंपनी २०२१ साली मोहसिन व झुबेर ईसा हे बंधू आणि त्यांची भागीदार गुंतवणूक-संस्था यांनी ६८० कोटी पौंडांच्या मूल्याने घेतली. ईसा बंधूंचे आईवडील गुजरातेतून विलायतेत गेलेले. त्याच वर्षी मॉरिसन ही एका अमेरिकन गुंतवणूक-संस्थेने सुमारे ७०० कोटी पौंडांस घेऊन शेअरबाजारातून बाहेर नेली. दोन्ही खरेद्यांत मोठे कर्ज काढले गेले होते. पुढे व्याजाचे दर चढले. ज्या पैशाने दर उतरवावयाचे, त्या पैशातून व्याज भरावे लागू लागले. सप्टेंबर २०२२ मध्ये आल्डीने मॉरिसनला मागे टाकून चौथा क्रमांक घेतला. ॲस्डाचा बाजारातील वाटा १४ टक्क्यांच्या वर होता, तो २०२४ च्या अखेरीस १३ टक्क्यांच्या खाली गेला.

मार्च २०२५ मध्ये ॲस्डाच्या प्रमुखांनी, नफा कमी झाला तरी चालेल पण दर उतरवू, असे जाहीर केले. ॲस्डाचे शेअर बाजारात नव्हते, पडणार कोठून? पडले ते टेस्कोचे आणि सेन्सबरीचे. पुढच्याच महिन्यात टेस्कोने येत्या वर्षीचा नफा ३१३ कोटींवरून २७० ते ३०० कोटी पौंडांपर्यंत उतरेल असा अंदाज दिला, तेव्हा भाव आणखी घसरला. ऑक्टोबरात मात्र हाच अंदाज २९० ते ३१० कोटींपर्यंत वाढविण्यात आला. भीती वाटली होती तितकी लढाई पेटली नव्हती. ज्यांनी घाबरून वसंतात विकले त्यांस शरदात पश्चात्ताप झाला असेल. यावरून इतके दिसते की, अशा शेअरचा भाव शेजाऱ्याच्या मनात काय आहे यावर हेलकावे खातो, आणि शेजाऱ्याचे मन आपणांस आधी कळत नाही.

आपल्याकडील अनुभव

विलायतेतील गोष्टी तेथल्या तेथे राहतात असे कोणी समजू नये. आपल्याकडील दोन कंपन्यांची उदाहरणे पुरेशी आहेत.

बिग बझार ही भांडारे २००१ साली सुरू झाली आणि त्यांनी आपल्या मध्यमवर्गास नव्या पद्धतीच्या खरेदीची सवय लावली. ती चालविणाऱ्या फ्युचर रिटेलवर कर्जाचा डोंगर होता. २०२० च्या टाळेबंदीत विक्री थांबली, पण व्याज व भाडे थांबले नाही. ऑगस्ट २०२० मध्ये रिलायन्सशी ठरलेला २४,७१३ कोटींचा सौदा वादात अडकून फिसकटला आणि जुलै २०२२ मध्ये कंपनीवर दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली. भागधारकाच्या हाती काही उरले नाही.

दुसरी कंपनी डीमार्ट चालविणारी ॲव्हेन्यू सुपरमार्ट्स. तिचे पहिले भांडार २००२ साली मुंबईत पवईस निघाले. शक्य तेथे जागा स्वतःच्या मालकीची घ्यावयाची, कर्ज कमी ठेवावयाचे, पुरवठादारास पैसे लवकर देऊन त्या बदल्यात दर तोडून घ्यावयाचा, आणि खपाचाच माल ठेवावयाचा, अशी तिची रीत. जुन्या चांगल्या पेढीची रीत यापेक्षा वेगळी ती काय असते! मार्च २०१७ मध्ये तिचा शेअर २९९ रुपयांस दिला गेला आणि पहिल्याच दिवशी दुपटीहून अधिक भावाने बंद झाला.

तरीही १४ ऑक्टोबर २०२४ रोजी हाच शेअर आठ टक्क्यांहून अधिक पडला. तिमाहीची विक्री सुमारे १४ टक्क्यांनी वाढली होती आणि नफाही थोडा वाढला होता. पण मोठ्या शहरांतील अधिक विक्रीच्या भांडारांवर फोनवरून मागविल्या जाणाऱ्या किराण्याचा परिणाम दिसतो, असे कंपनीच्या प्रमुखांनी स्वतःच सांगितले. दहा-पंधरा मिनिटांत घरी माल पोहोचविणाऱ्या या नव्या धंद्यात बाहेरचे भांडवल ओतले गेले आहे. झोमॅटोने २०२२ साली ब्लिंकिट ही पेढी सुमारे ४,४४७ कोटींस घेतली, ती याच कारणाने. सवलतींची ही लयलूट लहान दुकाने मोडणारी आहे, अशी तक्रार वितरकांच्या अखिल भारतीय संघटनेने २०२४ साली स्पर्धा आयोगाकडे केली. ज्या भांडाराने आपली गिऱ्हाइके नेली, त्या भांडाराचीही गिऱ्हाइके नेणारा आता दुसरा आला आहे.

विम्याचा प्रश्न

आता त्या तरुणाच्या युक्तिवादाकडे येऊ. शेअर हा दुकानाचा विमा होय काय?

आपल्या दुकानाचे नुकसान दोन तऱ्हांनी होते. पहिली तऱ्हा अशी की, बाजारातील दर जेथल्या तेथे राहतात, पण सोय, निवड किंवा मांडणी पाहून गिऱ्हाईक भांडाराकडे जाते. तेव्हा आपला तोटा तो त्यांचा नफा असतो, आणि शेअर काही अंशी भरपाई करतो. दुसरी तऱ्हा अशी की, भांडारे आपसांत दराची लढाई करतात. त्या लढाईत साखर, तेल, डाळ यांचा दर आपल्याही पेठेत उतरतो आणि आपला नफा जातो. परंतु त्याच कारणाने भांडाराचाही नफा जातो आणि त्याचा शेअर पडतो. ज्या वर्षी दुकानाची चोपडी तोटा दाखविते, नेमक्या त्याच वर्षी शेअरही पडलेल्या भावात असतो. जो विमा घर जळताना स्वतःही जळतो, त्यास विमा कसे म्हणावे?

आणखी एक मुद्दा आहे. चांगल्या कंपनीचा शेअर चढ्या भावाने घेतला, तर तिची पुढील अनेक वर्षांची भरभराट आपण आगाऊच विकत घेतलेली असते. मग विक्री वाढूनही भाव पडतो. २०२४ च्या ऑक्टोबरात हेच झाले.

याचा अर्थ असे शेअर घेऊच नयेत, असे आमचे म्हणणे नाही. आमचे म्हणणे इतकेच की, जो किराण्यावर जगतो त्याने आपली शिल्लकही किराण्यातच गुंतवू नये. घ्यावयाचेच असतील तर, एखाद्या नव्या पेढीस उधार माल देताना आपले वडील जे प्रश्न विचारीत, तेच येथे विचारावेत. पेढीवर कर्ज किती आहे? जागा मालकीची की भाड्याची? पुरवठादाराचे पैसे किती दिवसांनी देते? तिचा नफा इतका जाड तर नाही ना, की उद्या शेजारी नवे दुकान निघावे? आणि तिचा प्रतिस्पर्धी कोण. त्यास नफ्याचा जाब विचारणारा कोणी आहे, की तो दहा वर्षे तोट्यातही तग धरू शकतो? वर सांगितलेल्या सर्व कथांत जे बुडाले ते यांपैकी कोणत्या ना कोणत्या प्रश्नावर अडखळले, आणि जे टिकले त्यांच्याजवळ यांपैकी बहुतेकांची समाधानकारक उत्तरे होती.

दुकानाविषयीही विलायतेचा धडा उपयोगी आहे. आल्डीजवळ काही गुप्त विद्या नव्हती. न खपणारा माल ठेवावयाचा नाही, खर्च वाढू द्यावयाचा नाही, कर्जाने विस्तार करावयाचा नाही आणि थोड्या नफ्यावर दीर्घकाळ टिकावयाचे, एवढेच तिचे भांडवल. यांतील कोणती गोष्ट बेळगावच्या रविवार पेठेतील, किंवा इंदूर, बडोदे, हैदराबाद व मडगाव येथील आपल्या सभासदाच्या आवाक्याबाहेर आहे? मोठ्या भांडारास मिळणारा खरेदीचा दर एकट्या दुकानास मिळणार नाही, हे खरे. पण दहा-वीस दुकानांनी मिळून एकत्र खरेदी केली तर तो पुष्कळ जवळ येतो. आपल्या संघाने याचा विचार पुढील सभेत अवश्य करावा, अशी आमची विनंती आहे.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. दुकानात फिरणारे भांडवल आणि शेअरमध्ये घातलेला पैसा यांची खाती खतावणीत निरनिराळी असावीत, आणि दिवाळीच्या किंवा लग्नसराईच्या खरेदीचा पैसा शेअरमध्ये अडकवू नये. शेअर पडला असता वाट पाहता येते. पुरवठादाराची हुंडी वाट पाहत नाही. येत्या लक्ष्मीपूजनास घरातील मुले फोन उघडून बसली म्हणजे त्यांस रागावू नये. त्यांस जवळ बसवावे, शंभर रुपयांच्या विक्रीतील पाच रुपयांचे गणित चोपडीच्या कोऱ्या पानावर मांडून दाखवावे, आणि मग जो सौदा त्यांस योग्य वाटेल तो करू द्यावा.

सर्व सभासदांस नवे वर्ष लाभाचे जावो.